पडद्यापुढचा वाद्यवृंद

अलीकडे जगातील मोठमोठ्या शहरांतून एका विशेष प्रकारचा जलसा होऊ लागला आहे. व्यासपीठावर पाश्चात्य पद्धतीचा साठ-सत्तर वादकांचा, प्रसंगी त्याहूनही मोठा वाद्यवृंद बसतो. त्याच्या मागे विस्तीर्ण पडदा असतो. आणि त्या पडद्यावर जपानी चित्रकारांनी काढलेल्या सचेतन चित्रांचे प्रसंग चालू असता त्या त्या प्रसंगाचे संगीत समोर प्रत्यक्ष वाजविले जाते. आपल्या घरातील मुले ज्यांस 'अॅनिमे' म्हणतात तीच ही चित्रे. श्रोते मात्र केवळ मुले नसतात. आईबाप असतात, आजीआजोबाही असतात, आणि बेथोवेनच्या सिम्फनीस जी शांतता पाळावयाची तीच येथेही पाळली जाते.

ह्या प्रकारातील सर्वांत थोर कार्यक्रम कोणता असे कोणी विचारील, तर तोक्यो येथील बुदोकान सभागृहातील २००८ सालच्या जलशाचे नाव घ्यावे लागेल. बुदोकान ही वास्तू मूळची १९६४ च्या ऑलिंपिक सामन्यांतील जूदोसाठी बांधलेली. तेथे ऑगस्ट महिन्याच्या ४ व ५ तारखांस जो हिसाइशी या संगीतकाराने हायाओ मियाझाकी यांच्या चित्रपटांसाठी पंचवीस वर्षांत रचलेले संगीत सादर केले. १९८४ च्या 'नाउसिका'पासून त्याच वर्षी लागलेल्या 'पोन्यो'पर्यंतचा हा प्रवास. दोनशे वादक, सुमारे आठशे गाणारे, शिवाय चालत वाजविणारे बँडपथक, असा हजारावर माणसांचा मेळा होता. संचालन स्वतः हिसाइशींचे, आणि मधूनमधून पियानोही त्यांचाच. देवळाच्या सभामंडपात मावणार नाही एवढा टाळकऱ्यांचा मेळा आषाढीस आपण पाहतो. परंतु लहान मुलांच्या चित्रपटातील चालींसाठी एवढी माणसे एकत्र येऊन कागदावरील खुणांबरहुकूम वाजवितात, हे दृश्य आपणांस अपरिचित आहे.

निदान तसे आपण समजतो. आम्ही हे लिहीत आहो ते राजपुरी खाडीच्या उत्तर काठावरील आगरदांड्यास बसून. येथे वाद्यवृंद नाही, त्याला साजेसे सभागृह नाही. तरी त्या जलशाची चलच्चित्रे आता खिशातील यंत्रावर उतरतात, आणि दिघीस जाणाऱ्या फेरीबोटीची वाट पाहणारी कॉलेजची मुले धक्क्यावर बसून ती ऐकतात. वडीलधाऱ्यांस हा एक नवा परदेशी नाद वाटतो. मुलांस तो आपल्या पिढीचा शोध वाटतो. आमच्या मते दोहोंचीही समजूत इतिहासास धरून नाही. पडद्यावर चित्र आणि पडद्यापुढे जिवंत वाद्य ही चलच्चित्राची मूळ प्रकृती होय. महाराष्ट्रात ती होती. ती येथून का गेली, आणि जपानात ती पुन्हा कशी उभी राहिली, हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंचे खेळ मुंबईत येण्याच्या चार वर्षे आधी, १८९२ साली, कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी 'शांबरिक खरोलिका' सुरू केली होती. नाव भारदस्त, पण वस्तू मोठी मनोहर. काचेवर हातांनी रंगविलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर पाडावयाची, आणि काचा अशा युक्तीने सरकवावयाच्या की चित्रातील माणूस हात हलवितो, वळतो, चालतो असा भास व्हावा. रामायण-महाभारतातील कथा होत्या, सर्कशीचे खेळही होते. आणि हे सारे मुक्याने चालत नसे. शेजारी निवेदन करणारा असे, गाणे असे, वाद्य असे. हातांनी काढलेल्या हलत्या चित्रांस प्रत्यक्ष संगीताची साथ, हीच जर त्या जपानी जलशाची व्याख्या असेल, तर तो जलसा कल्याणास झालेला आहे.

त्याच्याही मागे जावयाचे तर कुडाळजवळील पिंगुळीच्या ठाकर चित्रकथ्यांकडे जावे लागेल. एकेक रंगीत कागद पुढे धरून त्यावरील प्रसंग गाऊन सांगण्याची त्यांची कला आजही पाहावयास मिळते. तेथे चित्र हलत नाही. गाणाऱ्याच्या आवाजाने ते हलते एवढेच.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखविण्यात आली. थोड्याच दिवसांत हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले. तेथे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत दर होते आणि पडदानशीन स्त्रियांसाठी राखीव जागा होत्या. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. महिना संपण्यापूर्वी त्या जाहिरातींत एफ. सीमोर डव्ह नावाच्या गृहस्थांच्या हाताखाली प्रसंगोचित संगीत वाजविले जाईल, अशीही ग्वाही आली. म्हणजे चलच्चित्र मुंबईत उतरून महिना झाला नाही तोच त्याच्यापुढे वाद्ये येऊन बसली. पुढील पस्तीस वर्षे ती तेथून उठली नाहीत. गावोगावच्या तंबूंत पेटी आणि तबला, मोठ्या शहरातील इंग्रजी चित्रगृहांतून व्हायोलिन, पियानो आणि पितळी वाद्ये, असा ज्याच्या त्याच्या ऐपतीचा प्रश्न होता. पडद्यावरील अक्षरे वाचून दाखविणारा मनुष्यही पुष्कळ ठिकाणी असे. कारण वाचता येणारे प्रेक्षक थोडे.

ती पाश्चात्य वाद्ये वाजविणारे लोक कोठून आले? बहुतांशी गोव्याहून. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांस स्वरलिपी वाचावयास आणि व्हायोलिन धरावयास शिकवीत. शिकविणाऱ्यास 'मेस्त्री' म्हणत. कागदावरील स्वर पाहताच वाजविता येणे ही विद्या हिंदुस्थानात फारच थोड्यांजवळ होती, आणि तिच्यावर पोट भरावयाचे तर मुंबईसारखे दुसरे शहर नव्हते. कोणी लोंढ्यावरून आगगाडीने जाई, कोणी पणजीहून आगबोटीने. त्या आगबोटी वेंगुर्ले, मालवण, रत्नागिरी करीत आमच्याच किनाऱ्यावरून वर जात. जंजिऱ्याचा किल्ला उजव्या हातास ठेवून, मांडीवर व्हायोलिनची पेटी घेऊन किती तरुण मुंबईस गेले असतील याची गणती कोणी ठेवलेली नाही. खाडीच्या तोंडाशी जाळी टाकणाऱ्या आमच्या कोळ्यांस ती बोट दिसत असेल; तिच्यात काय चालले आहे हे त्यांस कळण्याचे कारण नव्हते.

आता जपानकडे पाहू. सचेतन चित्रांचा आरंभ दोन्ही देशांत आश्चर्य वाटावे इतका जवळजवळ झाला. दादासाहेब फाळके यांनी 'आगकाड्यांची मौज' हा आगपेटीतील काड्या नाचविणारा लहानसा पट केला तो १९१५ चा. जपानातील आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना सचेतनपट म्हणजे जुन्इची कोउची यांचा बोथट तलवारीवरील विनोदी पट, १९१७ चा. मूकपटांच्या काळात जपानातही पडद्याशेजारी एक मनुष्य असे. त्यास 'बेन्शी' म्हणत. परंतु आपला वाचून दाखविणारा मनुष्य अनामिक राहिला, तर बेन्शी हा नटाहूनही मोठा झाला. कोणत्या चित्रगृहात कोणता बेन्शी आहे हे पाहून लोक तिकीट काढीत. त्याच्या जोडीला वादक असत, पाश्चात्य वाद्ये आणि जपानी शामिसेन एकत्र बसत.

त्या काळच्या चित्रगृहातील वादकाचे जीवन कसे असे हे जाणावयाचे असेल तर केंजी मियाझावा यांच्या गोशनामक चेलोवादकाच्या कथेइतके चांगले साधन आम्हांस माहीत नाही. मियाझावा १९३३ साली वारले; कथा १९३४ साली, त्यांच्या मागे, प्रसिद्ध झाली. गोश हा गावच्या चलच्चित्रगृहातील वाद्यवृंदात चेलो वाजवितो, आणि सर्वांत वाईट वाजवितो. पुढे जलसा आहे, सहाव्या सिम्फनीची तालीम चालली आहे, आणि संचालक सर्वांदेखत त्याच्यावर खेकसतो. रात्री तो आपल्या खोपटात एकटाच घासत बसतो. मग एकेका रात्री मांजर येते, कोकीळ येतो, रानातील लहानगे तानुकी येते, उंदरीण आपल्या आजारी पिलास घेऊन येते. आणि त्यांच्यासाठी वाजविता वाजविता त्याचा हात सुधारतो. आमच्या वाचकांस मौज वाटावी अशी गोष्ट ही की, जलसा संपल्यावर श्रोत्यांच्या आग्रहास्तव गोश एकटाच जी चीज वाजवितो तिचे नाव 'हिंदुस्थानातील वाघाची शिकार' असे आहे. मियाझावांनी हिंदुस्थान पाहिलेला नव्हता. ती चीज त्यांच्या कल्पनेतील.

ह्या कथेचा सचेतन चित्रपट इसाओ ताकाहाता यांनी केला. तो १९८२ साली पडद्यावर आला. थोडी माणसे, स्वतःच्या हौसेने, सुमारे सहा वर्षे त्यावर खपत होती. बेथोवेनची सहावी सिम्फनी त्यात आहेच. ती वाघाची शिकार मात्र मिचिओ मामिया या संगीतकारास नव्याने रचावी लागली. चित्रकारांनी चेलोवरील बोटे स्वरास धरून पडतील अशी काढली आहेत. पडद्यापुढून कधीच उठून गेलेला तो गरीब वादक, पन्नास वर्षांनी, चित्र होऊन पडद्यावर परत आला. जपानी सचेतनपट आणि वाद्यवृंद यांचा जो संबंध आज आपणांस जलशात दिसतो त्याचे मर्म आम्हांस बुदोकानच्या हजार माणसांपेक्षा ह्या एका लहान चित्रपटात अधिक सापडते. ताकाहाता हे पुढे १९८५ साली मियाझाकींबरोबर जिब्ली चित्रसंस्थेच्या संस्थापकांत होते, आणि 'नाउसिका'साठी हिसाइशींची निवड झाली तेव्हा निर्माते ताकाहाताच होते, हे येथे ध्यानात ठेवावे.

वादक उठून गेला तो १९३१ साली. हे वर्ष दोन्ही देशांस सारखेच लागू पडते. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला. त्याच वर्षीच्या ऑगस्टात जपानात हेइनोसुके गोशो यांचा पहिला यशस्वी बोलपट आला, ज्यात एका नाटककाराचे लेखन शेजारच्या घरातील जाझ वाद्यांच्या गोंगाटाने अडून बसते. 'आलम आरा'चे मूळ नाटक जोसेफ डेव्हिड पेणकर यांचे. पेणकर म्हणजे आमच्याच जिल्ह्यातील पेणचे नाव लावणारे बेने इस्रायल. ह्या किनाऱ्यावर शतकानुशतके तेल गाळून राहिलेल्या समाजातले. बोलपटाच्या पहिल्या पानावर कुलाब्याच्या किनाऱ्याची सही आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असते.

त्या बोलपटात गाणे चित्र घेतानाच ध्वनिमुद्रित होई. पेटी, तबला, व्हायोलिन अशी मोजकी वाद्ये, आणि वादकांस यंत्राच्या नजरेआड उभे करावे लागे. आम्हांस ही गोष्ट केवळ तांत्रिक वाटत नाही. पस्तीस वर्षे जो मनुष्य प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर, पडद्याच्या पायाशी बसला होता, तो त्या दिवशी आड गेला, आणि नंतर आडच राहिला. जपानात बेन्शींनी आणि वादकांनी संप केले, पण ते टिकले नाहीत. पुढे जगप्रसिद्ध झालेले दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांचा थोरला भाऊ बेन्शी होता. संपातही पुढे होता. १९३३ साली त्याने आपले आयुष्य संपविले. आपल्याकडच्या पेटीवाल्या-तबलेवाल्यांचे काय झाले हे लिहून ठेवावेसे कोणास वाटले नाही.

गोव्याच्या वादकांस मात्र दुसरे दार उघडले. बोलपटाच्या कारखान्यांत हळूहळू वाद्यवृंद आला. पुण्याच्या प्रभात चित्रसंस्थेत केशवराव भोळे यांनी पियानो, हवाईयन गिटार, व्हायोलिन यांस मराठी चालींच्या साथीस बसविले. त्याच भोळ्यांचे संगीत असलेल्या 'कुंकू' (१९३७) चित्रपटात पार्श्वसंगीत जवळजवळ वर्ज्य करून घड्याळाचे, रस्त्याचे, घरातील वस्तूंचे आवाजच वापरले, हा त्या काळचा एक धाडसी प्रयोग होय. प्रभातनेच १९३४ साली 'जंबू काका' हा सचेतनपटही काढला. पुढे स्वतंत्र हिंदुस्थानातील मुंबईत हा वाद्यवृंद वाढत वाढत गेला. पन्नास-साठ व्हायोलिने एका वेळी लागू लागली. चाल बांधणारे संगीतदिग्दर्शक पुष्कळदा स्वरलिपी लिहिणारे नसत. ती लिहावयाची, कोणत्या वाद्याने कोठे उठावयाचे हे ठरवावयाचे काम दुसऱ्याच मनुष्याकडे असे. त्यास तेथे 'अरेंजर' म्हणत. सेबास्टियन डिसोझा हे त्यांतील अग्रगण्य. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांतील वाद्यमेळ पुष्कळसा त्यांच्या हातचा. १९७५ साली ते गोव्यास परतले आणि १९९८ साली वारले. त्यांची गाणी न ऐकलेला मनुष्य हिंदुस्थानात क्वचितच असेल. त्यांचे नाव ऐकलेलाही तितकाच क्वचित.

ह्या आड गेलेल्या माणसांस पुन्हा उजेडात बसविण्याचा एक प्रयत्न मुंबईत झाला. तो करणारे अँथनी गोन्साल्विस हे गोव्यातील माजोर्ड्याचे. जन्म १९२७ चा. विशीत येण्यापूर्वीच मुंबईस आले, नौशाद यांच्या वाद्यवृंदात शिरले, आणि फावल्या वेळी मुलांस व्हायोलिन शिकवू लागले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. हिंदुस्थानी रागांस पाश्चात्य वाद्यवृंदात बसवावे हा त्यांचा ध्यास होता. १९५८ साली त्यांनी 'इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा' उभा केला आणि सेंट झेवियर कॉलेजच्या चौकात जलसा केला. वादक शंभरावर, बहुतेक चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत राबणारे. गाण्यास लता मंगेशकर आणि मन्ना डे. बुदोकानच्या पन्नास वर्षे आधीची ही गोष्ट आहे. परंतु तो वाद्यवृंद टिकला नाही. १९६५ साली गोन्साल्विस अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. परत आल्यावर चित्रसृष्टीत त्यांनी फिरून पाऊल टाकले नाही, आणि २०१२ साली गोव्यात त्यांचा अंत झाला. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त त्यांच्या नावाचे विनोदी गाणे प्यारेलाल यांनी गुरूच्या स्मरणार्थ घातले. ते गाणे सारा देश गातो, आणि हे नाव कल्पित आहे असे समजतो.

असे का व्हावे? आपल्याकडे वादक कमी पडले असे नाही, श्रोते कमी पडले असेही नाही. आमच्या मते कारण अगदी क्षुल्लक वाटण्याजोगे आहे, आणि ते म्हणजे कागद. मुंबईतील ध्वनिमुद्रण म्हणजे एका दिवसाचे काम. सकाळी अरेंजरने लिहिलेले कागद वादकांपुढे ठेवावयाचे, दुपारपर्यंत गाणे उरकावयाचे, आणि कागद तेथेच सोडून दुसऱ्या स्टुडिओत पळावयाचे. ते जपून ठेवण्याची रीत पडली नाही. पुष्कळसे रद्दीत गेले. गाणे तबकडीवर उतरले, मग कागदाचे काय काम, असा तो हिशेब होता. पुण्यास १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले आणि पी. के. नायर यांनी रद्दीच्या वाटेवरच्या फिती एकेक करून गोळा केल्या. वादकांच्या कागदांस असा नायर भेटला नाही. आज कोणी त्या काळच्या एखाद्या चित्रपटाचे पार्श्वसंगीत जलशात वाजवू म्हणेल तर तबकडी ऐकून प्रत्येक वाद्याचा स्वर फिरून लिहून काढावा लागेल.

जपानात १९७७ साली एक निराळी गोष्ट घडली. अंतराळात उडणाऱ्या युद्धनौकेवरील 'यामातो' ह्या मालिकेचे संगीतकार हिरोशी मियागावा यांनी तिच्या सुरांची पूर्ण वाद्यवृंदासाठी 'सिम्फनिक सूट' बांधली आणि तिची तबकडी निघाली. ती मुलांनी घेतली, आणि खपली. चित्रापासून सोडविलेले चित्रसंगीत हे स्वतंत्र ऐकावयाचे साहित्य आहे हे त्या तबकडीने सिद्ध केले. हिसाइशींच्या बाबतीत तर क्रमच उलटला. चित्रपट पुरा होण्यापूर्वीच, केवळ दिग्दर्शकाच्या टिपणांवरून, ते एक संगीतसंग्रह तयार करीत. चित्र त्या सुरांच्या छायेत वाढे. २००२ साली त्यांनी 'तोतोरो'ची वाद्यवृंद आणि निवेदक यांच्यासाठी स्वतंत्र कथा केली, म्हणजे बेन्शीसही त्याची खुर्ची परत मिळाली. ह्या रचनांच्या संपूर्ण स्वरलिपी तेथे छापून विकत मिळतात. कोणत्याही देशातील कोणताही वाद्यवृंद त्या आणून वाजवू शकतो. म्हणूनच हा जलसा तोक्योहून लंडनास, पॅरिसास जाऊ शकला.

दोन्ही धारा एकदाच, आणि फार जवळ, येऊन मिळाल्या त्या रामकथेच्या निमित्ताने. पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या उत्खननावर माहितीपट करण्यासाठी १९८३ च्या सुमारास युगो साको हे जपानी गृहस्थ येथे आले, आणि रामायणाच्या नादी लागले. रामास माणसाने नटून दाखविण्यापेक्षा चित्राने दाखविणे अधिक शोभेल असे त्यांचे मत बनले. येथील शासनाचा सहभाग मिळाला नाही. तेव्हा चित्रे जपानात काढली. साको आणि कोइची सासाकी यांच्या बरोबरीने दिग्दर्शक होते मुंबईचे राम मोहन, १९५६ पासून फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात घडलेले. संगीत वनराज भाटिया यांचे. भाटिया मुंबईचे, लंडनच्या रॉयल अकॅडमीत आणि पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याजवळ शिकलेले. हंसा वाडकर यांच्या आत्मकथेवर आधारलेल्या 'भूमिका'चे संगीत त्यांचेच. स्वतःच्या हाताने वाद्यवृंदाची स्वरलिपी लिहिणारा मुंबईचा संगीतकार म्हणून त्यांचे स्थान जवळजवळ एकाकी होते. संस्कृत गीते वसंत देव यांनी रचली.

तो चित्रपट १९९२ साली पुरा झाला, कल्याणच्या पटवर्धनांनी रामकथेच्या काचा सरकविल्यास बरोबर शंभर वर्षांनी. १९९३ च्या जानेवारीत तो दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखविला गेला. परंतु देशातील त्या वेळच्या क्षुब्ध वातावरणात चित्रगृहांतून तो सर्वत्र लागू शकला नाही. एका पिढीने तो दूरदर्शनसंचावर, तुकड्यातुकड्यांनी पाहिला. २४ जानेवारी २०२५ रोजी तो नव्याने उजळून देशभर लागला, तेव्हा साको, राम मोहन आणि भाटिया हे तिघेही हयात नव्हते. मुंबईत नरिमन पॉइंट येथे २००६ पासून एक कायमचा सिम्फनी वाद्यवृंद आहे, त्यास सभागृह आहे. जपानी चित्रसंगीताचा जलसा आपल्याकडे व्हावा असे म्हणणाऱ्या तरुणांस आमची सूचना अशी की, त्यांनी पहिला आग्रह भाटियांच्या ह्या संगीतासाठी धरावा. ते अर्धे जपानी आहे आणि पुरते आपले आहे.

आता पुन्हा आगरदांड्यास येऊ. येथे चित्रपटाचे संगीत प्रत्यक्ष वाजत नाही असे म्हणणे खरे होणार नाही. हळदीच्या रात्री, नारळी पौर्णिमेस, गणपती खाडीवर नेताना जी 'बँजो पार्टी' पुढे चालते तिच्यात चित्रपटाच्या गाण्यांखेरीज दुसरे काय असते? ढोल, कीबोर्ड, आणि सर्वांच्या वर कर्कश गोड आवाजात चाल सांगणारा तो लांबट पेटीसारखा बँजो. त्यास बँजो म्हणतात खरे, पण अमेरिकेतील बँजोशी त्याचा काही संबंध नाही. तो 'बुलबुल तरंग'. आणि बुलबुल तरंग हे मूळ जपानी वाद्य. १९१२ साली, म्हणजे ताइशो नावाच्या राजवटीच्या पहिल्या वर्षी, नागोया शहरातील गोरो मोरिता यांनी जुन्या दोन तारांच्या कोतोस टाइपरायटरसारख्या कळा बसवून 'ताइशोगोतो' तयार केले. स्वस्त, हलके, आणि स्वरलिपी न येणाऱ्यासही वाजविता येण्याजोगे. व्यापाऱ्यांच्या पेट्यांतून ते आशियाभर पसरले, हिंदुस्थानात आले, मुंबईच्या गल्ल्यांत व कोकणच्या किनाऱ्यावर स्थिरावले. पुढे त्यास वीज जोडली गेली, कर्णे लागले.

म्हणजे देवघेव अशी झाली की, जपानने आपल्या चित्रपटांसाठी युरोपची वाद्ये घेतली आणि आमच्या किनाऱ्याने आपल्या चित्रपटांसाठी जपानचे वाद्य घेतले. आम्ही ह्या बँजोची थट्टा करणाऱ्यांपैकी नाही. मुंबईच्या वाद्यवृंदाचे कागद रद्दीत गेल्यावर ती गाणी लोकांच्या देखत, लोकांच्या मधोमध, जिवंत हातांनी वाजविणारा एवढा एकच मनुष्य येथे उरला होता. त्याच्यापुढे कागद नसतो. तो गाणे कानाने घेतो, दोनतीनदा ऐकतो, कळांवर बोटे फिरवून पाहतो आणि संध्याकाळी मिरवणुकीत वाजवितो. मुखडा तो नेमका धरतो, अंतराही धरतो. मात्र दोन कडव्यांच्या मध्ये सेबास्टियन डिसोझांनी पन्नास व्हायोलिनांसाठी जे लिहिले होते ते त्याच्या कळांत मावत नाही. तेवढ्या जागी तो थांबतो, आणि ढोलवाल्यास पुढे येऊ देतो.